गिटारवरून सिंथ वाजवताना मींड तुटते, लेगाटो (न तुटता जोडून येणारे स्वर) नैसर्गिक कसा आणायचा?

कोमल_निषाद (पुणे)

नमस्कार मंडळी,

गिटारला जीके पिकअप (प्रत्येक तार वेगळी टिपणारं) लावून मिडी कन्व्हर्टरमार्फत, म्हणजे तारेचा स्वर ओळखून तो मिडी संदेशांत सांगणाऱ्या यंत्रामार्फत, लॅपटॉपवरचे आवाज वाजवतो. पियानो, मॅरिम्बा, स्ट्रिंग पॅड यांत काहीच तक्रार नाही. पिकने छेडलेला स्वर बरोबर येतो, वेळेवर येतो.

अडचण आहे ती एकल सुरांच्या वाद्यांची. बासरी, सारंगी किंवा जुन्या अॅनालॉग सिंथचा लीड लावला आणि डाव्या हाताने हॅमर-ऑन (तारेवर पुढे बोट आपटून वरचा स्वर), पुल-ऑफ (बोट काढून खालचा स्वर), स्लाइड सुरू केली की तीनपैकी काहीतरी एक होतं. कधी नवा स्वर पुन्हा नव्याने फुंकल्यासारखा येतो, म्हणजे गंधारावरून मध्यमावर जाताना मध्ये श्वास तुटतो. कधी स्वर सरकतो पण भलत्याच ठिकाणी पोचतो, बेसूर. आणि कधी सगळं जसं हवं तसं होतं, पण तेच परत वाजवलं तर होत नाही. यातलं कधी काय होणार हे आधी कळत नाही, हा खरा त्रास. कारण मग वाजवताना लक्ष रागावर राहत नाही, यंत्रावर राहतं.

आमच्या छोट्या फ्यूजन गटात बासरीवादक नाही. मला यमन आणि देस ह्या दोन रागांतल्या बंदिशींच्या मधल्या जागा गिटारवरून बासरीच्या आवाजात भरायच्या आहेत. त्यात कण आणि मींड नसेल तर वाजवण्यात अर्थ नाही. ज्यांनी हे साधलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सेटिंग, हात, सॉफ्टवेअर, सगळं चालेल.

सहातारी (डोंबिवली)

चांगला धागा. उत्तर द्यायच्या आधी तीन गोष्टी तपासून सांग.

१. कन्व्हर्टर सहा तारा सहा वेगळ्या चॅनलवर पाठवतोय की सगळ्या एकाच चॅनलवर?
२. कन्व्हर्टरमधली पिच बेंड रेंज (स्वर जास्तीत जास्त किती अर्धस्वर सरकवता येतो) किती आहे, आणि बासरीच्या प्लगिनमधली, म्हणजे आवाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, किती?
३. मिडी मॉनिटर (आलेले मिडी संदेश दाखवणारी खिडकी) उघड आणि एकाच तारेवर, पिक न लावता, पाचव्या फ्रेटवरून सातव्यावर हॅमर-ऑन कर. पडद्यावर काय येतं ते जसंच्या तसं इथे लिही. नोट-ऑफ (स्वर सुटला) आधी येतो की नोट-ऑन (स्वर सुरू झाला) आधी?

तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं.

कोमल_निषाद

दादा, तपासलं.

सहा तारा, सहा चॅनल. कन्व्हर्टरची रेंज १२. प्लगिनमध्ये २ दिसतेय, बहुतेक मूळ सेटिंगच तसं आहे.

हॅमर-ऑनचं: बहुतेक वेळा आधी नोट-ऑफ, त्यानंतर काही मिलिसेकंदांनी नवा नोट-ऑन, व्हेलॉसिटी (स्वराचा जोर) ३०-४०च्या आसपास. पण हलकेच केलं तर नवा नोट-ऑन येतच नाही, नुसते पिच बेंडचे आकडे धावतात.

सहातारी (डोंबिवली)

झालं, तिन्ही दुखणी इथेच दिसतात. जरा सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट एकदा नीट समजली की पुढे कुठलंही यंत्र हातात आलं तरी अडत नाही.

कीबोर्डवर पट्टी दाबली की स्वर कोणता हे यंत्राला आधीच ठाऊक असतं. गिटारवर नसतं. कन्व्हर्टरला तारेची कंपनं मोजून स्वर ओळखावा लागतो, आणि त्यासाठी निदान एक पूर्ण आवर्तन, खात्रीसाठी साधारण दोन आवर्तनं लागतात. खुली जाड मी-तार ८२.४ हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचं, दोन झाली की २४. खुली बारीक मी-तार ३२९.६ हर्ट्झची, तिथे एक आवर्तन जेमतेम ३ मिलिसेकंदांचं. म्हणून खालचे स्वर उशिरा ओळखले जातात. हा यंत्राचा दोष नाही, स्वराची लांबीच तेवढी आहे.

आता हॅमर-ऑन. तार वाजतेच आहे, मध्येच तिचा स्वर बदलतो. पिकचा ठळक ठोका नाही. कन्व्हर्टरपुढे प्रश्न: हा जुनाच स्वर ताणला गेला, की नवा स्वर आला? जुना धरला तर तो पिच बेंड पाठवतो. नवा धरला तर जुन्याचा नोट-ऑफ आणि नव्याचा नोट-ऑन. हा निर्णय तो आवाजाच्या पातळीत अचानक झालेल्या बदलावरून घेतो. तुझं बोट जोरात पडलं तर नवा स्वर, हलकं पडलं तर बेंड. तुला जे बेभरवशाचं वाटतंय ते हे.

बेसूर का? कन्व्हर्टर समजतो की पूर्ण बेंड म्हणजे १२ अर्धस्वर. प्लगिन समजतो २. तू दोन फ्रेट वर गेलास की कन्व्हर्टर पूर्ण रेंजचा सहावा भाग पाठवतो, आणि प्लगिन दोनाचा सहावा भाग, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही आत सरकतो. दोन्हीकडे आकडा एकच हवा. आधी हे कर, बाकी नंतर. प्लगिनमध्ये १२ ठेव. एका तारेवर १२ फ्रेटपलीकडे घसीट क्वचितच लागते. लागलीच तर दोन्हीकडे २४. बारकाव्याची काळजी नको: पिच बेंड १४ बिटांचा असतो, एकूण १६,३८४ पायऱ्या. रेंज १२ असेल तर एका अर्धस्वरात सुमारे ६८० पायऱ्या येतात, कानाला त्या कळणं शक्य नाही.

आता श्वास तुटण्याचं. बहुतेक सॅम्पल लायब्ऱ्या (रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचे संच) आणि मोनो, म्हणजे एका वेळी एकच स्वर देणारे, सिंथ लेगाटो ओळखतात तो एकाच खुणेवरून: जुना स्वर सुटायच्या आधी नवा आला पाहिजे. कीबोर्डवाला एक बोट उचलायच्या आधी दुसरं ठेवतो, म्हणून त्याला ते सहज मिळतं. एका तारेवर दोन स्वर एकदम वाजूच शकत नाहीत, म्हणून कन्व्हर्टर प्रामाणिकपणे आधी नोट-ऑफ पाठवतो. प्लगिनच्या दृष्टीने वाजवणारा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग अटॅक, म्हणजे स्वराची सुरुवात, पुन्हा येणारच.

यावरचा उपाय मी एका छोट्या स्क्रिप्टने करतो. रीपर ह्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ती जेएसएफएक्समध्ये लिहिता येते, लॉजिक ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्टरमध्ये. तिचं काम एवढंच: नोट-ऑफ आला की तो लगेच पुढे सोडायचा नाही, ३०-४० मिलिसेकंद रोखून धरायचा. तेवढ्यात नवा नोट-ऑन आला तर आधी नवा नोट-ऑन सोडायचा, मग रोखलेला नोट-ऑफ. आला नाही तर वेळ संपल्यावर नोट-ऑफ सोडून द्यायचा. नव्या स्वराला काहीच उशीर होत नाही. फक्त वाक्याचा शेवटचा स्वर किंचित उशिरा सुटतो, तो बासरीत कळतही नाही.

एक अपवाद लक्षात ठेवायचा: तोच स्वर पुन्हा आला तर आधी नोट-ऑफ, मगच नोट-ऑन. नाहीतर रोखलेला नोट-ऑफ नव्या स्वरालाच गिळतो.

मींडवेडी (नाशिक)

सहातारी, फार सुंदर समजावलंत. मी सतार शिकले आहे, सिंथमधलं फारसं कळत नाही, पण एक विचारू का? ह्या सगळ्यात 'लेगाटो' म्हणून एकच गोष्ट धरली जातेय. आपल्याकडे त्या निदान तीन-चार वेगळ्या आहेत.

कण हा मूळ स्वराला दुसऱ्या स्वराचा नुसता स्पर्श. खटका आणि मुरकीत स्वर सुटे कळतात, पण एका झटक्यात येतात, मध्ये जागा नसते. मींडेत मधला सगळा प्रवास ऐकू यायला हवा, आणि तो सरळ रेषेत नसतो: आधी रेंगाळतो, मग पटकन सरकतो, पोचल्यावर पुन्हा स्थिरावतो. आंदोलन त्याहून वेगळं. देसमध्ये रे म प नि सां असा चढताना शुद्ध निषाद येतो आणि उतरताना कोमल निषादावरून धैवतावर येताना जी मींड लागते, ती जर पायरीने उतरली तर देस ओळखूच येत नाही.

मग ह्या यंत्राला प्रत्येक वेळी एकच गोष्ट करायला का सांगायची? मुरकी वेगळ्या मार्गाने आणि मींड वेगळ्या मार्गाने नाही का पाठवता येणार?

सहातारी (डोंबिवली)

ताई, हाच मुद्दा मी लिहायला हवा होता, तुम्ही माझ्याहून नेमका मांडलात. होय, येते.

खटका, मुरकी, तान: नवे नोट-ऑन, पण ओव्हरलॅपसह. मग प्लगिनचा लेगाटो काम करतो, प्रत्येक स्वर खणखणीत.
मींड, घसीट, आंदोलन: नोट-ऑन नाही, फक्त पिच बेंड. तारेवर जे घडतंय ते जसंच्या तसं.

फिशमन ट्रिपलप्ले ह्या गिटार-मिडी यंत्रात यासाठी पिच बेंडचे वेगवेगळे प्रकार दिलेत: स्मूदमध्ये सगळे बदल बेंडने सलग जातात, स्टेप्डमध्ये अर्धस्वरांच्या पायऱ्यांनी, ट्रिगरमध्ये प्रत्येक बदलाला नवा स्वर, आणि ऑटोमध्ये यंत्र स्वतः ठरवतं. रोलंडच्या कन्व्हर्टरमध्ये क्रोमॅटिक नावाचं सेटिंग असतं, ते चालू केलं की मधला प्रवास काढून टाकून जवळच्या अर्धस्वरावर बसवलं जातं. पियानोच्या आवाजाला ते हवं, बासरीला अजिबात नको. कोमल_निषाद, तुझं क्रोमॅटिक बंद आहे ना ते पाहा.

ऑटोवर भरवसा ठेवण्यापेक्षा निर्णय आपल्या हाताकडे ठेवणं मला जास्त पटतं. स्लाइड आणि तार ताणणं यात बोट तारेवरून सुटत नाही, म्हणून कन्व्हर्टर बहुतेक वेळा बेंडच पाठवतो. हॅमर-ऑनमध्ये बोट ठाम पडलं की नवा स्वर. म्हणजे मींड नेहमी एकाच बोटाने सरकून किंवा ताणून घ्यायची, आणि मुरकी वेगवेगळ्या बोटांनी ठाम. हात तसा बांधला की यंत्र गोंधळत नाही.

वसईचा_गिटारवाला

सॉफ्टवेअरचं बरंच झालं, हाताचं आणि गिटारचं मी सांगतो. माझा अनुभव ऑर्केस्ट्रातला आहे. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, व्हायोलिन, जे माणूस नसेल ते गिटारवरून भरायचं असतं.

पिकअप आधी बघ. जीके ब्रिजच्या जितका जवळ बसेल तितका बसव. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत साधारण १ मिलिमीटर जागा ठेव, प्रत्येक तारेखाली सारखी. मग यंत्रातली प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी वेगळी लाव. हे लोक घाईत करतात. तू जेवढ्या जोरात कार्यक्रमात वाजवशील तेवढ्या जोरात वाजवून लाव, घरी बसून हळू वाजवून नाही. बारीक तारांची सेन्सिटिव्हिटी कमी पडली तर पुल-ऑफ गायब होतात, जास्त झाली तर नुसतं बोट टेकलं तरी स्वर उमटतो.

इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) ब्रिजवर नीट करून घे. बाराव्या फ्रेटचा स्वर थोडा जरी चढा असला तरी कानाला गिटारमध्ये चालून जातो, पण बेंड चालू असताना कन्व्हर्टर तोच चढेपणा बासरीत पोचवतो. आणि बझ करणारा एकही फ्रेट नको. बझमध्ये कंपनं वाकडीतिकडी असतात, त्यातून स्वर एका सप्तकाने उडतो.

डावा हात. हॅमर-ऑनमध्ये खालचं बोट वरचं बोट पडेपर्यंत उचलू नको, आणि पडल्यावरही लगेच उचलू नको. पुल-ऑफमध्ये आपण तार बाजूला ओढून सोडतो, गिटारच्या आवाजात ते चांगलं लागतं. सिंथसाठी ते कमी कर. तार बाजूला ओढली गेली की क्षणभर स्वर चढतो आणि मग खाली येतो, बासरीत तो हिसका स्पष्ट ऐकू येतो. बोट जवळजवळ सरळ उचल, किंचितच ओढ. आवाज कमी पडतो असं वाटेल, पण सिंथला तारेचा मोठा आवाज नको असतो, स्वच्छ कंपन हवं असतं.

न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं. उजव्या तळव्याच्या कडेने जाड तारा, डाव्या तर्जनीच्या टोकाने वरची शेजारची तार. शिवाय नटजवळ मऊ कापडी पट्टा बांध. एक तार वाजली की शेजारच्या कंप पावतातच, आणि कन्व्हर्टर त्यांनाही स्वर समजतो. लेगाटोच्या मध्ये जे भुताटकीचे स्वर येतात त्यातले अर्धे तिथून येतात.

पिक जाड आणि गोल टोकाचं घे, नाहीतर अंगठ्याच्या मांसल भागाने छेड. टोकदार पिकच्या खरखरीत सुरुवातीचे काही मिलिसेकंद कन्व्हर्टरला काही कळत नाही.

एडिसनकर (न्यू जर्सी)

वाचनखूण साठवली आहे. फार दिवसांनी असा धागा वाचला.

जरा मागे जाऊन बघू. हा प्रश्न मुळात तारेची कंपनं मोजून त्यांचं मिडीत भाषांतर करण्यामुळे आलाय. मोजलंच नाही तर प्रश्नच उरत नाही. रोलंडचा जीआर-३०० हा गिटार सिंथ १९८०चा. त्यात मिडी नव्हतं, मिडी तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. प्रत्येक तारेच्या कंपनाला अॅनालॉग सर्किट थेट पाठोपाठ जायचं. म्हणून त्यात हॅमर-ऑन, स्लाइड, बोटाची थरथर, सगळं आपोआप येतं. जॅझ गिटारवादक पॅट मेथिनी यांचा तो उंच ट्रम्पेटसारखा गाणारा आवाज जीआर-३००चा आहे आणि इतकी वर्षं होऊनही ते त्याच आवाजाकडे परत जातात, त्याचं कारण हे सलगपण आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या टोकाला गिटारवादक अॅलन होल्ड्सवर्थ. त्यांनी १९८०च्या दशकात सिंथॅक्स हे सिंथ चालवणारं गिटारसारखं वाद्य वापरलं. त्यात डाव्या हाताच्या तारा वेगळ्या आणि उजव्या हाताच्या वेगळ्या. कोणत्या फ्रेटला तार टेकली हे विजेच्या स्पर्शाने कळायचं, म्हणजे स्वर ओळखण्यासाठी कंपन मोजायची गरजच नाही. जाड तार असो की बारीक, उशीर सारखाच, जवळजवळ नाहीच. आणि आवाजाचा चढउतार त्यांनी फुंकरीच्या कंट्रोलरवर दिला. ज्यांचं साध्या गिटारवरचं लेगाटो जगात नावाजलं गेलं त्या माणसाला सिंथवर तेच आणायला वेगळं वाद्य लागलं, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते कळतं.

आज माझ्या मते सोपा रस्ता म्हणजे बॉसचा एसवाय-१००० हा गिटार सिंथ. १३-पिन केबलने सहा तारांचे सहा सिग्नल येतात आणि त्यांच्यावर थेट प्रक्रिया होते. त्यात जीआर-३००चं मॉडेलही आहे. मिडी नाही, नोट-ऑन नाही, त्यामुळे तुटायला काही नाही. कोमल_निषाद, लीड सिंथसाठी तरी मिडीच्या मागे लागू नकोस.

सहातारी (डोंबिवली)

एडिसनकर, लीडच्या बाबतीत पूर्ण सहमत. पण तारेवर प्रक्रिया करून बासरी होत नाही. तिथे शेवटी तारेचाच क्षय येतो: छेडलं की आवाज मोठा, मग उतरत जाणारा. बासरीचा स्वर धरून ठेवता येतो, मध्येच फुगवता येतो. त्यासाठी स्वर तारेकडून घेऊन आवाज दुसरीकडून आणावा लागतो, म्हणजे मिडी आलंच.

गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनही भारतीय संगीतकारांबरोबर वाजवताना गिटार सिंथ वापरतात, तिथे ऐकून पाहा: सिंथचा आवाज मऊ, अटॅक बोथट, आणि वाक्यांची आखणी गायकी अंगाची. तिथे आवाजाची निवडच अर्धं काम करते.

नवशिका_साताऱ्याचा

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्याकडे साधी इलेक्ट्रिक गिटार आणि ऑडिओ इंटरफेस एवढंच आहे. जीके पिकअप, कन्व्हर्टर घेण्याइतकं बजेट नाही. यातलं काही मला करता येईल का?

सहातारी (डोंबिवली)

येईल रे, क्षमस्व कसलं. जॅम ओरिजिनचं मिडी गिटार हे सॉफ्टवेअर साध्या पिकअपवरून, एकाच जॅकमधून, अनेक स्वर ओळखतं. वेगळं पिकअप लागत नाही. इंटरफेसचा बफर (आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे जातो तो) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर ठेव. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे दीड मिलिसेकंदाच्याही आत. २५६ ठेवलास तर जायला-यायला मिळून दहाच्या वर जातं, आणि स्वर ओळखण्याचा वेळ त्याच्याही वर.

एकल सुरांचंच वाजवायचं असेल तर मोनो पद्धत निवड, ती जास्त स्थिर असते. आणि एक युक्ती, ही सगळ्यांनाच उपयोगी: वाजवायचं एक सप्तक वर आणि सिंथमध्ये १२ अर्धस्वर खाली उतरवायचं. वरचा स्वर निम्म्या वेळात ओळखला जातो. बास वाजवताना तर याने फरक लगेच कळतो.

वसईचा_गिटारवाला

युक्ती बरोबर आहे. फक्त त्यात एक: बाराव्या फ्रेटच्या पुढे फ्रेट जवळजवळ असतात, स्लाइड छोटी होते, मींड घाईची होते. मींडेसाठी पाच ते बारा हा पट्टा मला सगळ्यात बरा वाटतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर.

कोमल_निषाद

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्हीकडे रेंज १२ केली, क्रोमॅटिक बंदच होतं. सहातारी दादांनी सांगितली तशी स्क्रिप्ट रीपरमध्ये बसवली. वसईकर, पिकअपची उंची बारीक मी-तारेखाली जास्त होती, ती कमी केली.

फरक खूप मोठा आहे. यमनमध्ये नि रे ग हे हॅमर-ऑनने घेतलं तर आता एका श्वासात येतं. ग वरून रे वर मींड एका बोटाने सरकून घेतली, ती पूर्ण ऐकू येते.

पण दोन गोष्टी उरल्यात. पहिली, आता पिकने नव्याने छेडलेला स्वरही कधीकधी आधीच्या स्वराला चिकटून येतो. म्हणजे जिथे फुंकर हवी तिथेही लेगाटो. दुसरी, हॅमर-ऑनचे स्वर पिकच्या स्वरांपेक्षा खूप दबके येतात. ओळ वर चढते आणि आवाज उतरतो.

सहातारी (डोंबिवली)

पहिलीचं उत्तर तुझ्या दुसऱ्या तक्रारीतच आहे. पिकचा स्वर आला की व्हेलॉसिटी जास्त, हॅमर-ऑनचा आला की कमी. स्क्रिप्टला तेच पाहायला सांग. नवा नोट-ऑन आल्यावर त्याची व्हेलॉसिटी एका ठरावीक आकड्याच्या वर असेल तर आधी रोखलेला नोट-ऑफ सोड आणि मग नोट-ऑन, म्हणजे नवी फुंकर. खाली असेल तर आधी नोट-ऑन, मग नोट-ऑफ, म्हणजे लेगाटो. मी ७० पासून सुरुवात करायला सांगेन, तुझ्या हाताप्रमाणे वरखाली कर. यातून फार मोलाची गोष्ट मिळते: उजवा हात फुंकर ठरवतो, डावा हात जोडणी ठरवतो. बासरीवाल्याच्या श्वासाचं काम तुझा उजवा हात करू लागतो.

निर्णय झाल्यावर, पुढे पाठवायच्या आधी व्हेलॉसिटी एकसारखी करून टाक, समज ९०. म्हणजे दबके स्वर नाहीत. क्रम हाच ठेव: आधी पाहा, मग सपाट कर.

आता सगळं एकाच जोराने येईल, निर्जीव वाटेल. म्हणून चढउतार दुसरीकडून दे. एक्स्प्रेशन पेडल घे आणि ते सीसी ११ वर (आवाजाच्या चढउताराचा मिडी संदेश) लाव. प्रत्येक वाक्याला पाय हलका उघडायचा आणि मिटायचा. सुरुवातीला अवघड जातं, हात आणि पाय वेगळे चालत नाहीत. पण एकदा बसलं की स्वर धरून मध्ये फुगवता येतो, जे तारेने कधीच होणार नाही. फुंकरीचा कंट्रोलर मिळाला तर तो सीसी २ वर, त्याहून उत्तम.

मींडवेडी (नाशिक)

पेडलबद्दल एक सुचवू? कोमल_निषाद, आधी ओळ गाऊन बघा, आणि गाताना जिथे आवाज वाढतो तिथेच पाय पुढे जाऊ द्या. बंदिशीतली मधली जागा भरताना बासरीवाले समेच्या आधी जरा आवाज काढून घेतात आणि समेवर गायकाला जागा देतात. पेडलने ते अगदी सहज होईल. गिटारवर हे कधी करताच येत नव्हतं, मला तर याचंच अप्रूप वाटतंय.

आणि मींड घेताना पायाने आवाज किंचित कमी करत न्या. सतारीतही मींडेत तार ताणत जाताना नाद विरत जातो, कान तेच ओळखतो.

एडिसनकर (न्यू जर्सी)

आवाज निवडण्याबद्दल थोडं. सॅम्पलची बासरी पिच बेंडने तीन-चार अर्धस्वरांपलीकडे नेली की तिचा पोत बदलतो, कारण तेच रेकॉर्डिंग जोरात किंवा हळू फिरवल्यासारखं होतं, बासरी लहान-मोठी झाल्यासारखी ऐकू येते. लांब मींडेसाठी फिजिकल मॉडेलिंगचे आवाज घे, उदाहरणार्थ स्वॅम. त्यात रेकॉर्डिंग नसतं, नळीतल्या हवेचं गणित असतं, त्यामुळे बेंड कितीही केलं तरी पोत टिकतो. सीसी ११ शिवाय मात्र त्यातून आवाजच येत नाही, म्हणजे पेडल लागणारच.

एक बारकावा: स्वॅममध्ये ओव्हरलॅप झालेल्या नव्या स्वराची व्हेलॉसिटी कमी असेल तर सरकण लांब होते, जास्त असेल तर झटक्यात. म्हणून तिथे व्हेलॉसिटी सपाट करू नकोस. हलक्या हॅमर-ऑनला आपोआप छोटी मींड मिळते. ती जागा फार गोड लागते.

सहातारी (डोंबिवली)

हे मला माहीत नव्हतं, आभार. मग स्वॅमसाठी सपाट करण्याऐवजी ४० ते ९०च्या मध्ये दाबून बसवणं बरं.

अजून एक राहिलं. पिच बेंड पूर्ण चॅनलला लागतो, एकेका स्वराला नाही. जुन्या स्वराचं रिलीज (सुटल्यावरचं विरणं) लांब असेल आणि तेवढ्यात नव्या स्वरासाठी बेंड शून्यावर आला, तर जुन्याचं शेपूटही उडी मारतं, एक विचित्र हिसका ऐकू येतो. प्लगिनमधलं रिलीज अगदी आखूड कर आणि स्वर रेंगाळायला हवा असेल तर ते काम रिव्हर्बवर सोड.

कोमल_निषाद

रिलीज आखूड केलं, हिसका गेला. व्हेलॉसिटीची अट ६५ वर बसली.

शेवटचा प्रश्न. एका तारेवर आता सगळं जुळतं. पण तिसऱ्या तारेवरून दुसरीवर गेलो की तिथे लेगाटो होतच नाही. स्क्रिप्ट चालू असूनही नवी फुंकर येते.

सहातारी (डोंबिवली)

कारण तारा वेगवेगळ्या चॅनलवर आहेत. प्लगिनच्या दृष्टीने ते दोन वेगळे वादक. स्क्रिप्टच्या शेवटी सगळे चॅनल एकात मिसळ आणि 'सगळ्यात शेवटी आलेला स्वर खरा' हा नियम घाल: नव्या तारेवर नोट-ऑन आला की जुन्या तारेचा नोट-ऑफ स्क्रिप्टनेच नव्यानंतर लगेच पाठवायचा आणि जुन्या तारेकडून येणारे बेंडचे आकडे तिथून पुढे टाकून द्यायचे. नाहीतर सुटताना जुनी तार जे हलेल त्याने नव्या स्वराला बेसूर करेल. नव्या नोट-ऑनच्या अगदी आधी नव्या तारेचा चालू बेंड पाठवायला विसरू नकोस.

दुसऱ्या तारेवर जाताना तो स्वर पिकने घ्यावा लागला तर व्हेलॉसिटी अटीच्या वर जाईल आणि फुंकर येईल. म्हणून तार बदलताना डाव्या हाताने नुसतं हॅमर करून पाहा. ठाम पडलं पाहिजे.

वसईचा_गिटारवाला

न छेडता नव्या तारेवर हॅमर करायचं असेल तर त्या तारेची सेन्सिटिव्हिटी एखादी पायरी वाढव, आणि नटजवळचा कापडी पट्टा घट्ट ठेव. हॅमर केल्यावर फ्रेटच्या मागच्या बाजूची, नटकडची तारही वाजते, पट्टा नसेल तर तिचाही स्वर उमटेल. देसमधल्या नि ध प साठी मी तार बदलणं टाळतो: तिन्ही स्वर दुसऱ्या तारेवरच घेतो, नि ते ध सरकून, ध ते प पुल-ऑफ.

कोमल_निषाद

हे आज रात्रीच करून बघतो. मिसळण्याचा भाग जमला की स्क्रिप्ट इथेच टाकेन, म्हणजे साताऱ्याच्या मित्रालाही वापरता येईल. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच एक चॅनल असेल तर त्याला शेवटचा भाग लागणारही नाही.

नवशिका_साताऱ्याचा

नक्की टाका दादा. मोनो पद्धतीत एकच चॅनल येतोय, आताच पाहिलं. नोट-ऑफ मात्र माझ्याकडेही आधीच येतो.